जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी व केबल : निवड आणि निगा

(भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. ट्रॅक्टरची बॅटरी आणि तिच्यापासून सेल्फपर्यंत जाणारी चार हात केबल, एवढाच तो आहे. परंतु ज्यांनी गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या आवारातील उसाच्या गाड्यांची रांग पाहिली आहे, त्यांना या लहान विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. रांग पुढे सरकत नाही, तरी एखाद्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन रात्रभर धडधडत असते. का, असे विचारल्यास चालक सांगतो, "बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही." जागेवर उभ्या असलेल्या मध्यम ट्रॅक्टरला ताशी सुमारे १ लिटर डिझेल लागते, असे धरले तरी आठ तासांच्या रात्रीत ८ लिटर इंधन कोणतेही काम न करता जळून जाते. असा ट्रॅक्टर गावी असला, तर तो उतारावर, चाकाखाली दगड लावून उभा केला जातो. आणि या सवयींची परिणती कधी कधी जीवहानीत होते. त्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे.

सातारा व सांगली हे जिल्हे यंत्राला अपरिचित नाहीत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नाव डिझेल इंजिनांशी कायमचे जोडले गेले आहे. विहिरीवरील तेल इंजिन हॅण्डल मारून सुरू करणारी पिढी येथे घरोघर होती. पुढे ट्रॅक्टर आले. टॅफे या कंपनीची स्थापना १९६० सालची. तिने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनविले. महिंद्रांची इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी १९६३ ची, एच.एम.टी.चा झेटर ट्रॅक्टर १९७१ चा आणि स्वराज १९७४ चा. यांपैकी अनेक जुनी यंत्रे आजही शेतावर राबत आहेत. एच.एम.टी.चा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. बनविणारा राहिला नाही, तरी यंत्र राहिले आहे. आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर व गावच्या मिस्त्रीवर येऊन पडली आहे.

मला आज एकच गोष्ट आपल्या मनावर ठसवावयाची आहे. ट्रॅक्टर सुरू होत नाही म्हणून नवी बॅटरी आणण्यापूर्वी विजेची वाट तपासावी. पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते, दोष वाटेत असतो.

डिझेल इंजिनास जोर का लागतो

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेल इंजिनात ती नसते. सिलिंडरमधील हवा १६ ते २० पट दाबली गेली म्हणजे ती इतकी तापते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र हा दाब झपाट्याने पडला पाहिजे. इंजिन सावकाश फिरले, तर हवा रिंगांच्या फटीतून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि इंजिन नुसतेच घुमत राहते. जुन्या इंजिनाचे बोअर व रिंगा झिजलेल्या असल्याने त्याला नव्यापेक्षा अधिक वेगाने फिरविण्याची गरज असते. म्हणजे जेथे गरज अधिक, तेथेच बहुधा बॅटरी व केबल यांची दुरवस्था अधिक, असा हा प्रकार आहे.

३५ अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचा सेल्फ इंजिन फिरविताना सुमारे २०० ते ४०० अँपिअर प्रवाह ओढतो. घरातील ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर पाव अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतो, हे ध्यानात घेतल्यास या आकड्याचे मोठेपण कळून येईल. आपण यापुढील हिशेब ३०० अँपिअर धरून करू.

बॅटरीची निवड

बॅटरी घेताना पहिला आधार ट्रॅक्टरच्या पुस्तिकेचा घ्यावा. पुस्तिका हरवली असल्यास जुन्या बॅटरीवरील आकडा पाहावा. या वर्गाच्या ट्रॅक्टरांना सामान्यतः १२ व्होल्टची, ७५ ते १०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी लागते. ८८ अँपिअर-तासाची बॅटरी पुष्कळ ठिकाणी दिसते. ८८ अँपिअर-तास याचा अर्थ ती बॅटरी ४.४ अँपिअरचा प्रवाह २० तास देऊ शकते. हे झाले साठवणीचे माप. सेल्फला हवी असते ती क्षणभर मोठा प्रवाह देण्याची ताकद. ती काही बॅटऱ्यांवर सी.सी.ए. या अक्षरांपुढे अँपिअरमध्ये छापलेली असते. दोन बॅटऱ्यांची साठवण सारखी असेल, तर हा आकडा ज्या बॅटरीचा मोठा ती घ्यावी.

येथे एक चूक वारंवार होते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ट्रॅक्टरवर चढविली जाते. तिच्या जाड प्लेटा थोडा थोडा प्रवाह दीर्घकाळ देण्यासाठी घडविलेल्या असतात. इंजिन फिरविण्यासाठी पातळ व संख्येने अधिक प्लेटा असलेली वाहनाची बॅटरीच योग्य होय. तिच्यावर भारतीय मानक ७३७२ ची खूण असल्यास उत्तम. याखेरीज लांबी-रुंदी पेटीत बसणारी आहे काय, धन व ऋण टोके योग्य बाजूस आहेत काय आणि निर्मितीचा महिना कोणता, या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. दुकानात अनेक महिने पडून राहिलेली बॅटरी पूर्ण चार्ज केल्यावाचून बसवू नये. शिवाय पेटीतील पट्टी घट्ट आवळलेली असावी. हादऱ्यांनी प्लेटांचा मसाला गळून पडतो.

"मोठी बॅटरी लावली तर सेल्फ जळेल काय?" असा प्रश्न नेहमी विचारला जातो. व्होल्टेज १२ च असेल, तर सेल्फ आपल्या गरजेइतकाच प्रवाह घेतो. तेव्हा ती भीती नको. परंतु मोठ्या बॅटरीने सदोष केबल सुधारत नाही, हेही तितकेच खरे. आणि एक हिशेब पाहा. ३०० अँपिअरने १० सेकंद सेल्फ मारला, तर बॅटरीतून एक अँपिअर-तासाहूनही कमी वीज खर्च होते. जुना डायनामो १० अँपिअर देत असेल, तर ती पाच-सहा मिनिटांत भरून निघावयास हवी. याउलट, ट्रॉलीच्या मुक्कामी इंजिन बंद ठेवून ध्वनिवर्धक व जादा दिवे मिळून १० अँपिअर खर्चत राहिले, तर आठ तासांत ८० अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ सगळी बॅटरी रिकामी होते. आपल्या भागात उसाच्या ट्रॅक्टरांवर मोठमोठे ध्वनिवर्धक बसविण्याची हौस आहे. सकाळी ट्रॅक्टर सुरू न होण्याचे कारण कित्येकदा रात्रीच्या गाण्यांत सापडते.

केबल : जाडी तांब्याची, रबराची नव्हे

आता केबलकडे वळू. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंत दीड मीटर आणि अर्थची अर्धा मीटर, मिळून दोन मीटर केबल धरू. ती १६ चौरस मिलिमीटरची असेल, तर ३०० अँपिअरला सुमारे ०.६५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ३५ चौरस मिलिमीटरची असेल तर ०.३ व्होल्ट, आणि ५० ची असेल तर ०.२ व्होल्ट. यावरून एवढा नियम सांगता येईल, की अशा ट्रॅक्टरला ३५ चौरस मिलिमीटरहून कमी तांबे असलेली केबल घालू नये. बॅटरी सेल्फपासून लांब असल्यास ५० ची घालावी. अर्थची पट्टी वा केबल त्याच जाडीची असावी. जेवढा प्रवाह जातो, तेवढाच परत येतो. जाण्याची वाट रुंद आणि येण्याची अरुंद, असे करून चालत नाही.

बाजारात जाड आवरणाची, पण आत थोडेच तांबे असलेली केबल मिळते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही मिळते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट आहे. म्हणून केबल घेताना टोक कापून पाहावे. एक तार चाकूने खरवडावी. आत पांढरी दिसली तर ती तांब्याची नव्हे. घराच्या वायरिंगची ताठ तार हादऱ्यांनी तुटते, तीही टाळावी. बारीक तारांची, लवचीक, चांगल्या तांब्याची वेल्डिंग केबल हा वापरण्याजोगा पर्याय आहे. मात्र ती तेलापासून व सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर न्यावी, आणि धातूच्या कडेवर घासेल तेथे रबराची नळी चढवावी.

सांधे आणि अर्थ

केबल उत्तम असूनही सांधा सदोष असेल, तर सर्व व्यर्थ होय. गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ ०.००५ ओहम धरला, तरी ३०० अँपिअरला तेथे १.५ व्होल्ट नाहीसे होतात आणि ४५० वॅट उष्णता निर्माण होते. लहान शेगडीएवढी ही उष्णता एका नटाखाली पेटते! इंजिन फिरताना बॅटरीच्या टोकांवर १०.५ व्होल्ट असतील आणि वाटेत २ व्होल्ट गेले, तर प्रवाह तेवढाच धरला तरी सेल्फला मिळणारी शक्ती सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. जुन्या इंजिनाला तेवढी तूट पुरेशी होते.

मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. एका गावच्या पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर रंगवून आणल्यापासून सुरू होण्यास त्रास देऊ लागला. एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या गेल्या, सेल्फ उतरवून दुरुस्त केला गेला. अखेर दोष सापडला तो अर्थच्या लगखाली. रंगाचा थर तेथे जसाच्या तसा होता. तो खरवडून धातू उघडा केला, नट आवळला आणि ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला सुरू झाला. खर्च काहीच नाही. गेले ते दोन बॅटऱ्यांचे पैसे आणि वाडीवस्तीवरील लोकांचे पाण्याचे कित्येक दिवस.

म्हणून टर्मिनल काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, पॉलिश कागदाने चकाकेपर्यंत घासावे, घट्ट बसवावे आणि मग वरून व्हॅसलीन लावावे. लग केबलला यंत्राने दाबून बसविलेला असावा. नुसती तार पिळून नटाखाली अडकविणे ही रीत सोडली पाहिजे. टर्मिनल काढताना अर्थचे टोक आधी काढावे व बसविताना शेवटी बसवावे. म्हणजे पाना चुकून ट्रॅक्टरच्या अंगाला लागला तरी ठिणगी उडणार नाही. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या ट्रॅक्टरांवर ऋण टोकाऐवजी धन टोक अर्थला जोडलेले असते. तेव्हा नवी बॅटरी जोडण्यापूर्वी जुनी कशी जोडलेली होती, हे पाहून खूण करून ठेवावी. उलट जोडणीने अल्टरनेटर तत्काळ जळतो.

तपासणीची रीत

प्रथम बॅटरी पाहावी. रात्रभर विश्रांती घेतलेल्या भरल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट असतात. १२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली, असे समजावे. नंतर गिअर न्यूट्रल करून हातब्रेक लावावा, इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून धरण्यास एकास सांगावे आणि दुसऱ्याने आसनावर बसून सेल्फ मारावा. या वेळी व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर व दुसरे सेल्फच्या बोल्टवर ठेवावे. काटा अर्ध्या व्होल्टपलीकडे गेला, तर त्या वाटेत दोष आहे. हीच तपासणी अर्थच्या बाजूने, बॅटरीचा खांब व सेल्फचे अंग यांच्यामध्ये करावी, तेथे ०.३ व्होल्टहून अधिक नसावे. स्वतः बॅटरीच्या खांबांवर या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली उतार झाला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावे. तरीही तसेच झाले, तर मात्र बॅटरी बदलण्यास हरकत नाही. शेवटी इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात काय, हे पाहावे. मिळत नसल्यास दोष डायनामोत, रेग्युलेटरमध्ये वा पट्ट्यात शोधावा.

मीटर नसेल तर हाताची परीक्षा आहेच. काही सेकंद सेल्फ मारून सोडावा व प्रत्येक सांध्यास जपून हात लावावा. जो गरम लागेल, तो दोषी. सलग १० सेकंदांहून अधिक काळ सेल्फ मारू नये, आणि दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावे.

हवापाण्याप्रमाणे निगा

आपल्या दोन जिल्ह्यांत हवापाणी एकसारखे नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पावसाळी भागात सांध्यांवर हिरवा-पांढरा गंज लवकर चढतो. तेथे पावसाळ्यापूर्वी व नंतर टर्मिनल धुणे अगत्याचे आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांत उन्हाळ्याचा ताप मोठा. उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते व तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तेथे दर पंधरवड्यास पाण्याची पातळी पाहावी. कृष्णा-वारणेच्या काठी जेथे जमिनी खारवटल्या आहेत, तेथील विहिरीचे वा बोअरचे पाणी बॅटरीत कदापि घालू नये. त्यातील क्षारांनी प्लेटा निकामी होतात. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आणि प्लेटांवर साधारण १० मिलिमीटर राहील इतकेच. पातळी उतरली म्हणून ॲसिड घालणे चूक. उडते ते पाणी, ॲसिड नव्हे. हंगामानंतर ट्रॅक्टर उभा राहणार असेल, तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. रिकामी ठेवलेली बॅटरी कडक होऊन कायमची निकामी होते.

जिवाशी गाठ

आता सर्वांत गंभीर भाग. किल्लीने सेल्फ लागत नाही म्हणून कित्येकजण जमिनीवर उभे राहून, स्क्रू ड्रायव्हरने वा पान्याने सेल्फची दोन टोके जोडतात. अनेक जुन्या ट्रॅक्टरांवर न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच नसतो. जेथे असतो, तेथे या युक्तीने तो निरुपयोगी ठरतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असला, तर इंजिन सुरू होताक्षणी तो पुढे झेप घेतो आणि उभा असलेला मनुष्य मागील मोठ्या चाकाखाली येतो. मागे सरण्यास अवधीच मिळत नाही. उतारावरून ट्रॅक्टर सोडून सुरू करण्यातही असाच धोका आहे. इंजिन लागले नाही, तर जुने ब्रेक ट्रॅक्टर व ट्रॉली यांचा भार सांभाळू शकतीलच असे नाही. खाली रस्ता असतो, आणि रस्त्यावर शाळेत निघालेली मुले असतात. ज्या दोषापायी लोक हे धाडस करतात, तो दोष पुष्कळदा पॉलिश कागद व पाना यांनी दूर होणारा असतो, हे मनाला अधिक लागते.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वीज घेतानाही जपावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व ठिणगीने त्याचा स्फोट होतो. म्हणून धन टोकास धन व ऋण टोकास ऋण जोडताना शेवटचा जोड बॅटरीवर न करता, बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर करावा. दोन्ही ट्रॅक्टरांची अर्थ एकाच प्रकारची आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. बॅटरीजवळ विडी-काडी नको.

आपण काय करू शकतो

ग्रामपंचायतींकडे पाण्याचे टँकर व कचऱ्याच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांच्यासाठी दरपत्रके मागविताना केवळ "बॅटरी एक नग, केबल एक संच" असे लिहू नये. बॅटरीचे अँपिअर-तास, मानकाची खूण, निर्मितीचा महिना, हमीचा काळ आणि केबलमधील तांब्याचा छेद व लांबी स्पष्ट लिहावी. तसे न लिहिल्यास सर्वांत स्वस्त दर हा बहुधा सर्वांत बारीक तांब्याचा दर ठरतो, आणि लेखापरीक्षणात तो दोष दिसतही नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडून परसात फोडून घेऊ नये. शिसे मुलांच्या मेंदूस घातक आहे, आणि गटारात ओतलेले ॲसिड विहिरीपर्यंत पोहोचते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करून तशी पावती घ्यावी.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ओहमचा नियम आपण फळ्यावर शिकवितो. एखाद्या दिवशी व्होल्टमीटर घेऊन मुलांना शाळेच्या अंगणात आणलेल्या ट्रॅक्टरजवळ न्यावे. मुले चाकांपासून दूर उभी असावीत, आसनावर जाणता चालक असावा. केबलच्या दोन टोकांमधील व्होल्ट काट्यावर दिसले, की तो नियम त्यांना जन्मभर विसरता येणार नाही. आणि ही मुले घरी जाऊन बापाला नक्की सांगतील, "बाबा, बॅटरी बदलू नका; आधी अर्थचा नट बघा."

एवढे जरी झाले, तरी कारखान्याच्या आवारातील पुष्कळ इंजिने रात्री निर्धास्तपणे बंद होतील, चालकाला चार घटका झोप मिळेल, आणि पहाटे किल्ली फिरविणारा मनुष्य चाकापुढे नव्हे, आसनावर बसलेला असेल.